टेलिफोनची घंटा आणि ध्वनिवर्धक
(इयत्ता सातवी-आठवीसाठी सामान्य विज्ञानाचा एक पाठ)

शाळाभेटीच्या वेळी साहित्याचे कपाट उघडून पाहिले म्हणजे कधी कधी एखादा जुना, तबकडीचा टेलिफोन दृष्टीस पडतो. एखाद्या कार्यालयाने नवे यंत्र घेतल्यावर, अगर एखाद्या पालकाने घर आवरताना, तो शाळेस दिलेला असतो. ‘दळणवळणाची साधने’ हा पाठ आला की तो वर्गात फिरतो, मुले तबकडी फिरवून पाहतात, आणि तो पुन्हा कपाटात जातो. वस्तुतः त्या यंत्राच्या पोटात विद्युत, चुंबक आणि ध्वनी या तिन्ही विषयांना एकत्र गुंफणारा पाठ पडून राहिलेला आहे. तो शिकविण्यास लागणारे बाकीचे साहित्य, म्हणजे १५ ऑगस्टला व २६ जानेवारीला आपण वापरतो तो ध्वनिवर्धक, शाळेत अगर गावात असतोच.

या पाठाची टाचणे देण्यास आणखी एक कारण आहे. जुन्या टेलिफोनची घंटा वाजवून दाखविणाऱ्या चित्रफिती हल्ली मुलांच्या हातातील मोबाइलवर सहज दिसतात. त्या पाहून एखाद्या हुशार मुलाने टेलिफोनच्या दोन तारा घरच्या विजेच्या खोबणीत घातल्या, तर काय होईल हे सांगावयास नको. घरची वीज २३० व्होल्टची, ५० हर्ट्झची. ती त्या घंटेसाठी नाही आणि त्या मुलासाठी तर नाहीच नाही. मुलाने हा उद्योग एकट्याने करण्यापेक्षा तो शाळेत, शिक्षकांच्या देखत, कारण समजून व्हावा हे बरे. ज्या शिक्षकांना विजेच्या जोडणीचा सराव नाही, त्यांनी पाठाचा पहिला भाग, जो नुसत्या लहान बॅटऱ्यांवर होतो, तेवढाच घ्यावा. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. पाठातील निम्म्याहून अधिक तत्त्व त्यातच येऊन जाते.

शिक्षकांसाठी पूर्वमाहिती

१८७६ साली अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांना टेलिफोनचे पेटंट मिळाले, त्या वेळी त्या यंत्रास घंटा नव्हती. पलीकडचा मनुष्य यंत्राजवळ असेल तरच बोलणे व्हावयाचे. ही अडचण दूर करण्यासाठी बेल यांचे सहकारी टॉमस वॉटसन यांनी निरनिराळ्या युक्त्या करून पाहिल्या आणि १८७८ साली त्यांनी जी घंटा सिद्ध केली, तिचीच घडण पुढे शंभर वर्षे जगभरच्या टेलिफोनांत थोड्याफार फरकाने कायम राहिली. आपल्याकडे मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे १८८२ साली टेलिफोनची केंद्रे सुरू झाली. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली बंगलोर येथे इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज हा सरकारी कारखाना निघाला. आपल्या कपाटातील काळा टेलिफोन बहुधा तेथेच घडलेला असेल. तळाशी अगर बाजूला तशी खूण सापडते का, हे मुलांना शोधू द्यावे.

आता घंटेची रचना. तळाचे झाकण काढले की पितळेच्या अगर पोलादाच्या दोन वाट्या दिसतात. त्यांच्यामध्ये एक बारीक दांडी असून तिच्या टोकास गुंजेएवढी हातोडी असते. दांडीच्या मुळाशी लोखंडाची एक पट्टी मध्यावर टेकू देऊन बसविलेली असते, जणू तराजूची दांडीच. या पट्टीच्या दोन्ही टोकांसमोर तांब्याच्या अतिशय बारीक तारेची एकेक गुंडाळी असते आणि जवळच एक कायम चुंबक असतो. या चुंबकामुळे दोन्ही गुंडाळ्यांचे लोखंडी गाभे आधीच सारखे चुंबकित झालेले असतात. म्हणजे पट्टीला दोन्ही बाजूंनी सारखीच ओढ असते. गुंडाळ्यांतून विद्युतधारा सोडली की एका गाभ्याचे चुंबकत्व वाढते व दुसऱ्याचे घटते. पट्टी बलवान बाजूस झुकते व हातोडी एका वाटीवर आपटते. धारेची दिशा उलटली म्हणजे पारडे फिरते व हातोडी दुसऱ्या वाटीवर जाते. धारा एकाच दिशेने वाहत राहिली, तर हातोडी एकदा आपटून तेथेच चिकटून राहील.

येथे एक घोटाळा होण्याचा संभव आहे. पाठ्यपुस्तकातील विद्युत घंटेत पट्टी ओढली गेली की जोड सुटतो, धारा बंद पडते, पट्टी परत येते आणि पुन्हा जोड होतो. ती घंटा आपली धारा आपणच तोडते व जोडते, म्हणून ती साध्या बॅटरीवर अखंड वाजते. टेलिफोनच्या घंटेत असा जोड नाही. तिला धारा उलटसुलट करून देणारा कोणीतरी बाहेर असावा लागतो. दोन्ही घंटांच्या आकृत्या फळ्यावर शेजारी शेजारी काढून हा भेद मुलांकडूनच वदवून घ्यावा.

हा बाहेरचा ‘कोणी’ आरंभी माणसाचा हात होता. जुन्या टेलिफोनच्या पेटीला बाजूस एक दांडा असे. तो गरगरा फिरविला की आतील लहानसे जनित्र फिरून सेकंदास सुमारे १६ ते २० आवर्तनांची प्रत्यावर्ती धारा उत्पन्न होई व पलीकडची घंटा खणाणे. रेल्वेच्या फाटकावर अशी यंत्रे वर्षानुवर्षे होती. गावातील वडीलधाऱ्यांपैकी कोणाला ती आठवत असतील तर त्यांना वर्गात बोलवावे. पुढे स्वयंचलित केंद्रे आली तेव्हा हे काम केंद्रातील यंत्राकडे गेले. परंतु सेकंदास वीसपंचवीस आवर्तने हे मान मात्र तसेच राहिले. अमेरिकेत ते २० हर्ट्झ व सुमारे ९० व्होल्ट असे ठरले. आपल्याकडे २५ हर्ट्झ व सुमारे ७५ व्होल्ट. आज फायबरच्या जोडणीवर टेलिफोन लावतात, तेव्हा घंटेसाठी लागणारी ही लहर घरातील लहानसे मोडेमच तयार करते.

घंटेच्या वाटेत एक धारित्र बसविलेले असते, त्याचे प्रयोजनही शिक्षकांनी समजून घ्यावे. टेलिफोनच्या तारेवर केंद्राकडून सुमारे ४८ व्होल्टचे एकदिश विभवांतर कायम असते. रिसीव्हर उचलला की त्यातून धारा वाहू लागते आणि केंद्रास कळते की फोन उचलला. घंटा थेट तारेला जोडली असती, तर तिच्यातूनही धारा सतत वाहिली असती आणि रिसीव्हर खाली असतानाही तो उचललेलाच आहे असे केंद्रास वाटले असते. धारित्र एकदिश धारा अडविते व उलटसुलट होणारी धारा जाऊ देते. गोठ्याच्या दारातील आडव्या बांबूने गुरे अडावीत पण कोंबड्या खालून येत-जात राहाव्यात, असे म्हटले तर मुलांना पटते, जरी ही उपमा शास्त्रीयदृष्ट्या फार ताणण्यासारखी नाही.

पाठाचा पहिला भाग : बॅटरीवरील प्रयोग

साहित्य थोडे आहे : झाकण काढलेला टेलिफोन, ९ व्होल्टच्या दोन किंवा तीन चौकोनी बॅटऱ्या, आणि वेष्टन असलेली तार. बॅटऱ्या एकसर जोडणीत जोडाव्यात. टेलिफोनच्या तारेला न जोडता घंटेच्या गुंडाळ्यांच्या दोन टोकांना थेट जोडावे, म्हणजे धारित्र मध्ये येणार नाही. जोडण्यापूर्वी मुलांना विचारावे, ‘काय होईल?’ विद्युत घंटा शिकलेली मुले ‘घंटा वाजू लागेल’ असे म्हणतील. प्रत्यक्षात ‘टण्’ असा एकच आवाज होईल. कित्येक घंटांत हातोडीला एका बाजूस धरून ठेवणारी बारीक तारेची कमान असते. त्यामुळे एका दिशेने जोडल्यास काहीच होत नाही व उलट जोडल्यास आवाज येतो. हे दिसले तर ते टाळू नये, ‘असे का?’ हा प्रश्न वर्गापुढे ठेवावा.

नंतर तारांची अदलाबदल करावी. पुन्हा एक ‘टण्’, पण दुसऱ्या वाटीवर. एका मुलाला तारा उलटसुलट करण्यास सांगून बाकीच्यांनी ठोके मोजावेत. हाताने कितीही घाई केली तरी सेकंदास दोन-तीन ठोक्यांच्या पुढे मजल जात नाही. मुलांना आपोआप कळते की घंटेला अधिक जोर नको आहे; तीच अदलाबदल कोणीतरी वेगाने करून द्यावयास हवी आहे. प्रत्यावर्ती धारा म्हणजे काय, हे येथे व्याख्येवाचून समजते. व्याख्या नंतर फळ्यावर लिहावी.

या सोप्या प्रयोगातही एक दक्षता आहे. गुंडाळीत तारेचे हजारो फेरे असल्यामुळे बॅटरी सोडविताना क्षणभर मोठे विभवांतर उत्पन्न होते व उघडी टोके बोटांत धरली असल्यास चांगलाच चटका बसतो. इजा होत नाही, परंतु मूल दचकते आणि मग टेलिफोनला हात लावावयास तयार होत नाही. तारा वेष्टनावर धराव्यात, आणि जोड क्षणभरच ठेवावा.

मधला प्रश्न

पहिला आणि दुसरा भाग यांच्यामध्ये एक प्रश्न आहे, आणि माझ्या मते संपूर्ण पाठाचे मर्म त्यातच आहे. शिक्षकांनी मोबाइलवर जुन्या टेलिफोनच्या घंटेचा ध्वनिमुद्रित आवाज लावून ऐकवावा. पुष्कळ मोबाइलांत तो असतोच. मग विचारावे, ‘हा आवाज ध्वनिवर्धकातून मोठा करून, कर्ण्याऐवजी टेलिफोनच्या घंटेला त्याच्या तारा जोडल्या, तर घंटा वाजेल काय?’

बहुतेक मुले ‘वाजेल’ म्हणतील, कारण घंटेचाच आवाज घंटेला दिला आहे! मोठ्या माणसांनाही असेच वाटते. परंतु ती वाजत नाही. तिला घंटेचा आवाज नको आहे; तिला सावकाश ढकलणारी लहर हवी आहे. वाटीचा नाद म्हणजे सेकंदास शेकडो, हजारो कंपने. हातोडी बिचारी जड आहे. एवढ्या घाईने तिला इकडून तिकडे जाता येत नाही, ती जागच्या जागी राहते. तिला हलवावयाचे तर सेकंदास पंचवीस वेळाच पुढे-मागे ओढले पाहिजे.

हे समजाविण्यास बैलाच्या गळ्यातील घुंगरमाळ फार उपयोगी पडते. बैल चालताना त्याची मान सेकंदास एखाद-दुसऱ्या वेळी हलते, पण घुंगरांचा आवाज मात्र किणकिणा, उंच स्वराचा असतो. मानेची गती एक आणि नादाची गती दुसरी. मान हलविणारे काम बैलाचे, नाद काढणारे काम घुंगराचे. आता कोणी बैलाला घुंगराच्या वेगाने मान हलविण्यास सांगितले तर? मुले हसतील, आणि हसतील तेव्हा त्यांना कळलेले असेल. देवळातील घंटेचा दोर ओढणे आणि घंटेचा घुमणारा नाद हेही उदाहरण घेता येईल, परंतु घुंगरमाळेचे अधिक बोलके आहे, कारण तेथे हालचाल पुनःपुन्हा होते.

पाठाचा दुसरा भाग : ध्वनिवर्धक

मनुष्याच्या कानास सेकंदास सुमारे २० पासून २०,००० पर्यंतच्या कंपनांचा ध्वनी ऐकू येतो आणि ध्वनिवर्धक याच मर्यादेतील लहरींसाठी बनविलेला असतो. २५ हर्ट्झ ही संख्या या मर्यादेच्या अगदी तळाशी, पण आतच येते. म्हणजे गाण्यासाठी केलेले यंत्र टेलिफोन केंद्रातील घंटेच्या यंत्राचे काम करू शकते. उणीव एकच : त्याचे विभवांतर थोडे असते. ती उणीव रोहित्र भरून काढते.

मोबाइलवर २५ हर्ट्झचा शुद्ध स्वर काढणारे साधन घ्यावे. अशी विनामूल्य साधने मिळतात. हा स्वर मोबाइलच्या लहानशा कर्ण्यातून ऐकू येणार नाही. त्यामुळे ‘काहीच वाजत नाही’ असे समजून आवाज वाढवीत जाऊ नये. तारेतून लहर जात असते, कर्ण्याला ती काढता येत नाही इतकेच. मोबाइलपासून तार ध्वनिवर्धकास द्यावी. ध्वनिवर्धक दहा ते वीस वॅटचा, शक्य तर १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा असावा. मोबाइलही त्या वेळी चार्जरला लावलेला नसावा. अगदी लहान, हातात मावणारे कर्णे उपयोगाचे नाहीत. त्यांत खालचे स्वर मुद्दाम गाळलेले असतात.

ध्वनिवर्धकाच्या कर्ण्याच्या टोकांना एक रोहित्र उलटे जोडावयाचे. २३० व्होल्टचे १२ व्होल्ट करणारे, एक अँपिअरचे साधे रोहित्र विजेच्या सामानाच्या दुकानात मिळते. त्याची १२ व्होल्टची बाजू ध्वनिवर्धकाकडे आणि २३० व्होल्टची बाजू टेलिफोनकडे. १२ व २३० यांचे गुणोत्तर सुमारे १ : १९ होते. म्हणजे लहान बाजूस चार व्होल्ट दिले की मोठ्या बाजूस ७५-७६ व्होल्ट मिळतील. काही घट धरून चार ते पाच व्होल्ट द्यावे लागतात. ध्वनिवर्धक व रोहित्र यांच्यामध्ये ४ ओहमचा, १० वॅटचा एक रोध एकसर जोडावा, म्हणजे ध्वनिवर्धकावर ताण येत नाही. मोठ्या बाजूच्या दोन तारा टेलिफोनच्या तारेच्या दोन टोकांना जावयाच्या. घंटा व धारित्र आत आहेतच.

येथे चौकस शिक्षकास शंका येईल. रोहित्र ५० हर्ट्झसाठी केलेले, ते २५ हर्ट्झला चालेल काय? चालेल, पण अर्ध्याच विभवांतरास. आवर्तने निम्मी झाली म्हणजे प्रत्येक अर्ध्या आवर्तनास दुप्पट वेळ मिळतो व गाभ्यातील चुंबकत्व तितके अधिक चढते. म्हणून २३० ऐवजी सुमारे ११५ व्होल्ट ही मर्यादा होते. आपले काम ७५ मध्ये भागते. मात्र याच कारणासाठी २० हर्ट्झच्या खाली जाऊ नये.

सभामंडपातील मोठ्या ध्वनिवर्धकांवर १०० व्होल्ट अशी खूण असलेली टोके असतात. ती पाहून रोहित्राची खटपट टाळावी असा मोह होईल. तसे करू नये. त्या यंत्रातील रोहित्र माणसाच्या आवाजासाठी केलेले असते; २५ हर्ट्झला त्याचा गाभा लवकर भरून जातो, धारा वाढते व यंत्र तापते. ग्रामपंचायतीकडून मागून आणलेला ध्वनिवर्धक जळाला तर पुढच्या वेळी शाळेला कोणी काही देणार नाही. शिवाय त्या यंत्राची शक्ती मोठी असल्याने धोकाही मोठा.

धोक्याविषयी स्पष्ट लिहितो. ७५ व्होल्टची प्रत्यावर्ती धारा ही खेळ नव्हे. ओल्या हाताला, अनवाणी पायाला तिचा जबर धक्का बसू शकतो. यास्तव मोठ्या बाजूची सर्व जोडणी आधी, वर्गात मुले नसताना, लाकडी अगर प्लॅस्टिकच्या बंद पेटीत करून घ्यावी आणि कोठेही उघडी तार राहू देऊ नये. गावातील ध्वनिवर्धक दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून ती करून घेतली तर उत्तमच. घंटा दिसावी म्हणून टेलिफोनचे झाकण काढावे लागते. तेव्हा तो टेबलावर भिंतीकडे ठेवून समोर जमिनीवर खडूची रेघ ओढावी व रेघेच्या आत शिक्षकांशिवाय कोणी येऊ नये. मुलांच्या हाती द्यावयाचा तो मोबाइल, एवढाच. रिसीव्हर दोरीने जागेवर बांधून टाकावा. केंद्रातील यंत्र रिसीव्हर उचलताच घंटेची लहर आपोआप बंद करते. आपल्या जोडणीत तशी सोय नाही, आणि कोणी सवयीने रिसीव्हर उचलून कानाला लावला तर कानठळ्या बसतील. चालू असलेल्या टेलिफोनच्या तारेशी या जोडणीचा कोणत्याही प्रकारे संबंध येऊ देऊ नये. या गोष्टी ज्या शाळेत पाळता येणार नाहीत, तेथे दुसरा भाग घेऊ नये.

आरंभी आवाजाची कळ शून्यावर ठेवून प्रथम ध्वनिमुद्रित घंटेचा आवाज लावावा आणि कळ हळूहळू मध्यापर्यंत न्यावी. घंटा गप्प. मुलांचा अंदाज चुकला, हे त्यांनी स्वतः पाहिले. कळ पुन्हा शून्यावर आणून २५ हर्ट्झचा स्वर लावावा व सावकाश वाढवीत जावे. आधी हातोडी थरथरू लागेल, मग एका वाटीला पुसट स्पर्श करील, आणि एका क्षणी घंटा खणखणून उठेल. कळ तेथेच थांबवावी, पुढे नेऊ नये. विभवांतर मोजावयाचे असल्यास मापकाची टोके शिक्षकांनी आधीच लावून ठेवावीत. स्वस्त मापक २५ हर्ट्झला थोडा चुकीचा आकडा दाखवू शकतो, हेही ध्यानी असावे.

यानंतर आवर्तने बदलून पाहावीत : २०, ३०, ४०, ५०. घंटेघंटेत फरक असतो, परंतु बहुतेक घंटा २० ते ३० च्या आसपास उत्तम वाजतात आणि ५० च्या सुमारास नुसत्या गुणगुणतात. प्रत्येक वेळी ‘नादाचा स्वर बदलला काय?’ असे विचारावे. बदलत नाही! ठोके दाट-विरळ होतात, वाटीचा स्वर तोच राहतो. बैल हळू चालो की जलद, घुंगराचा स्वर तोच.

घंटा वाजलीच नाही तर प्रथम वाट्यांकडे पाहावे. वाटीचे भोक किंचित कडेला असते, त्यामुळे ती ढिली करून फिरविली की हातोडीपासूनचे अंतर कमी-अधिक करता येते. हातोडी वाटीला टेकून राहिली असेल तर आवाज बद्द येतो, फार लांब असेल तर येतच नाही. पुष्कळ वर्षे पडून राहिलेल्या यंत्रात पट्टीच्या टेकूजवळ धूळ व गंज साचतो. तो कोरड्या कुंच्याने काढावा, तेल घालू नये. हे सर्व करताना टेलिफोनची जोडणी पूर्ण सोडविलेली असली पाहिजे. पहिल्या भागातील बॅटरीच्या प्रयोगात ‘टण्’ आवाज आला असेल, तर गुंडाळ्या शाबूत आहेत हे निश्चित. दोष धारित्रात अगर जोडणीत शोधावा.

गणिताची जोड

आपल्या देशातील टेलिफोनची घंटा एका ठरलेल्या लयीत वाजते : ०.४ सेकंद वाजते, ०.२ सेकंद थांबते, पुन्हा ०.४ सेकंद वाजते आणि मग २ सेकंद थांबते. हा क्रम ३ सेकंदांनी पुन्हा येतो. मोबाइलवर स्वर चालू-बंद करून एखाद्या तालाचे अंग असलेल्या मुलाकडून ही लय वाजवून घ्यावी. वर्गास ती फार आवडते. प्रत्येक आवर्तनात हातोडी दोन्ही वाट्यांवर एकेकदा आपटते, हे लक्षात घेऊन पुढील उदाहरणे तोंडी घालावीत. २५ हर्ट्झला सेकंदास किती ठोके? ५०. एका ०.४ सेकंदाच्या वाजण्यात किती? २०. तीन सेकंदांच्या एका फेरीत? ४०. घंटा एक मिनिट वाजत राहिली व कोणी उचललीच नाही, तर? वीस फेऱ्या, ८०० ठोके. दशांश अपूर्णांकांचा सराव यापेक्षा सुखाने होत नाही.

एखादे मूल असेही विचारील की फोन करणाऱ्यास जो घंटेसारखा आवाज ऐकू येतो, तो पलीकडच्या याच घंटेचा काय? तो नव्हे. तो आवाज केंद्रातील यंत्र वेगळा तयार करून त्याच्या कानी घालते. पलीकडची घंटा मोडलेली असली तरी तो ऐकू येतच राहतो. ‘घंटा वाजत होती पण कोणी उचलला नाही’ या तक्रारीचे एक कारण हेही असू शकते.

मूल्यमापनासाठी लेखी प्रश्न दोनच पुरेत. पहिला : साधी विद्युत घंटा बॅटरीवर अखंड वाजते, टेलिफोनची घंटा एकदाच वाजते; का? दुसरा : घंटेचा ध्वनिमुद्रित आवाज दिला असता घंटा का वाजली नाही? दुसऱ्याचे उत्तर मुलांनी आपल्या शब्दांत, पाहिजे तर बैलाच्या उदाहरणाने, लिहावे; पुस्तकी भाषेचा आग्रह धरू नये. उत्तरात हालचालीची गती व नादाची गती यांतील भेद आला की पूर्ण गुण द्यावेत.

पाठ संपल्यावर प्रथम ध्वनिवर्धक बंद करावा, त्याची बॅटरी सोडवावी आणि मगच टेलिफोनची जोडणी काढावी. धारित्रात थोडा भार शिल्लक राहू शकतो. म्हणून टेलिफोनच्या दोन टोकांवर वेष्टनाची मूठ असलेला पेचकस क्षणभर टेकवून मग यंत्रास हात लावावा. रोहित्राची पेटी टेलिफोनपासून वेगळी, कुलपात ठेवावी व तिच्यावर ठळक अक्षरांत चिठ्ठी लावावी : ‘घरच्या विजेला जोडू नये. फक्त शिक्षकांसाठी.’ टेलिफोन मात्र बाहेर, विज्ञानाच्या कोपऱ्यात, मुलांच्या हाताशी राहू द्यावा. मधल्या सुटीत बॅटऱ्या लावून ‘टण्’ वाजविण्यास हरकत नाही.